रूळ आणि रस्ता

प्रवासास निघावयाचे ठरले, की आपल्याकडील पुष्कळ घरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो : आगगाडीने जावे की एस. टी.ने? ज्यांच्या खिशात पैसा खुळखुळत असतो, त्यांना हा प्रश्न फारसा छळत नाही. पण ज्या घरात पाच माणसांच्या तिकिटांचे पैसे महिनाभर आधीपासून डब्यात बाजूला काढून ठेवावे लागतात, त्या घरात रात्रीच्या जेवणानंतर या प्रश्नावर बराच वेळ बोलणे होते. वडील भाड्याचा हिशेब मांडतात. आई सामानाचा आणि शिदोरीचा विचार करते. आजोबांना स्टेशनवरील जिना आठवून आधीच गुडघे दुखू लागतात. मुलांचे म्हणणे मात्र एकच असते. गाडी कोणतीही असो, खिडकी आपल्याला मिळाली पाहिजे.

या दोन वाहनांपैकी श्रेष्ठ कोणते, असा निवाडा करण्याचा माझा विचार नाही. दोघांचेही माझ्यावर उपकार आहेत. माझी सारी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात, एका लहानशा गावच्या शाळेत झाली. तेथे एस. टी. गावात येत असे आणि आगगाडीची शिटी डोंगरापलीकडून ऐकू येत असे. या दोन आवाजांच्या मध्ये राहून जे पाहिले, जे शिकलो, तेवढेच येथे सांगतो.

वयाने आगगाडी थोरली. दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली उतारूगाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे उतारू आणि ओढावयास तीन एंजिने असा तिचा थाट होता. चौतीस किलोमीटरांचा तो प्रवास पाहण्यास रुळांच्या दुतर्फा माणसांची दाटी झाली होती. एस. टी. त्या मानाने धाकटी. देश स्वतंत्र झाल्यावर, १ जून १९४८ रोजी, तेव्हाच्या मुंबई सरकारची पहिली एस. टी. पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. थोरलीच्या आणि धाकटीच्या वयांत पंचाण्णव वर्षांचे अंतर आहे. पण घरात जशी धाकटी बहीण दाराशी आलेल्या प्रत्येकाला नावानिशी ओळखते, तशी एस. टी. खेड्यापाड्यांना अधिक ओळखते. ‘गाव तेथे एस. टी.’ हे तिचे ब्रीदवाक्य गाडीच्या पाठीवर नुसते रंगवलेले नव्हते. पुष्कळ गावांनी ते खरे झालेले पाहिले आहे.

आमच्या कोकणात तर क्रमच उलटा झाला. आधी आगबोट, मग एस. टी. आणि सर्वांच्या शेवटी आगगाडी! सह्याद्रीच्या फांद्या समुद्रापर्यंत पसरलेल्या. पावलोपावली नदी, नाला, दरी. अशा मुलखात रूळ कसे टाकावयाचे? रस्ता वळणे घेऊ शकतो, चढू शकतो, उतरू शकतो. रुळांना तेवढी मोकळीक नाही. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. श्री. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले आणि १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत. संगमेश्वर आणि रत्नागिरी यांच्या दरम्यान असलेला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे, तर रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच आहे. डोंगर खोदताना झालेले सुरुंगांचे आवाज आमच्या गावातील म्हाताऱ्या माणसांच्या अजून लक्षात आहेत.

आता कोणी विचारील, की एवढा खर्च करून बांधलेल्या मार्गावरील गाडीचे भाडे एस. टी.पेक्षा कमी कसे? साध्या वर्गाचे रेल्वेचे तिकीट तेवढ्याच अंतराच्या एस. टी.च्या तिकिटाच्या निम्म्याहूनही स्वस्त पडते, हे खरे आहे. त्याचे पहिले कारण चाकात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते तेव्हा फार थोडे घर्षण होते. रबरी चाक डांबरी रस्त्यावर दबते आणि त्या दबण्यात बरीच शक्ती खर्ची पडते. म्हणून तेवढेच ओझे रुळांवरून ओढण्यास कमी बळ पुरते. दुसरे कारण संख्येत आहे. एक एंजिन हजारभर माणसे सहज घेऊन जाते, साध्या एस. टी.त पन्नासच्या आतबाहेरच माणसे बसतात आणि तेवढ्यांसाठी एक चालक, एक वाहक आणि डिझेल लागतेच. तिसरे कारण उतारूंच्या नजरेस पडत नाही. उतारूगाड्यांत येणारी तूट रेल्वे आपल्या मालगाड्यांच्या उत्पन्नातून भरून काढते. आपण स्वस्तात प्रवास करतो, तेव्हा त्या भाड्यातील काही वाटा कोळसा, सिमेंट आणि धान्य यांनी उचललेला असतो!

तथापि स्वस्त तिकीट म्हणजे स्वस्त प्रवास, असे मात्र समजू नये. हा धडा मला एका तेरा वर्षांच्या मुलीने शिकवला. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

२००४ सालच्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या सातवीच्या वर्गाची सहल मुंबईस न्यावयाचे ठरले. रोज संध्याकाळी डोंगरापलीकडून आगगाडीचा आवाज ऐकणाऱ्या त्या तेहेतीस मुलांपैकी अठ्ठावीस जणांनी आगगाडीत कधी पाऊल ठेवले नव्हते. मुंबईतील वस्तुसंग्रहालय, तारांगण, गेटवे ऑफ इंडिया आणि नुकतेच त्याच वर्षी जागतिक वारशाच्या यादीत गेलेले छत्रपती शिवाजी टर्मिनस, एवढे पाहावयाचे होते. राहण्याची सोय लालबागेत गावकऱ्यांच्या खोलीवर झाली. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात कोकणातील गावोगावच्या लोकांनी मुंबईच्या चाळींत अशा सामाईक खोल्या घेतल्या होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. पण गावाहून येणाऱ्या माणसाला पथारी पसरावयास जागा देण्याचे काम काही खोल्यांनी सोडले नाही.

जाता-येता एस. टी. धरून दरडोई साडेचारशे रुपये वर्गणी ठरली. पैसे बंद पाकिटातून थेट माझ्याकडे द्यावयाचे, असा मी नियम केला. कोणी दिले आणि कोणी दिले नाहीत, हे वर्गाला कळू नये, हा त्यातील हेतू. मुदत संपली तेव्हा तीस पाकिटे आली होती. तीन आली नव्हती. ज्या घरांतून ती आली नाहीत, त्या घरांची परिस्थिती मला ठाऊक होती. त्या मुलांना ‘तुम्ही राहा’ म्हणणे मला शक्य नव्हते, आणि ‘तुमचे पैसे शाळा भरील’ असे चारचौघांत सांगून त्यांची मान खाली घालावयास लावणे, हे तर त्याहून वाईट. शाळेच्या पेटीत शिल्लक नव्हती.

मी वर्गापुढे प्रश्न ठेवला, तो एवढाच : “खर्चाला तेराशे पन्नास रुपये कमी पडत आहेत. कोणालाही मागे न ठेवता सहल कशी नेता येईल ते सांगा.” कमी का पडतात, हे मुलांनी विचारले नाही. मुलांना पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात, असा माझा अनुभव आहे.

वर्गाचे दोन पक्ष पडले. एक आगगाडीचा आणि दुसरा एस. टी.चा. मी दोघांनाही आठ दिवसांची मुदत दिली. शनिवारी दोन्ही पक्ष कागद घेऊन आले. आगगाडीच्या पक्षाने स्टेशनवर जाऊन भाड्याचा फलक उतरवून आणला होता. त्यांचा पुढारी मोठ्या ऐटीत म्हणाला, “गुरुजी, आगगाडीचे तिकीट निम्म्याहून कमी आहे. वाद संपला!” वर्गात टाळ्या पडल्या.

तेव्हा एस. टी.च्या पक्षातील एक मुलगी उठून उभी राहिली. ती शांतपणे म्हणाली, “गुरुजी, तिकीट स्टेशनपासून लागते, पण प्रवास घरापासून लागतो.”

तिने आपला कागद वाचून दाखवला. स्टेशनचे नाव ‘संगमेश्वर रोड’. रेल्वेच्या नावात ‘रोड’ शब्द आला, की ते स्टेशन त्या गावात नसून गावाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, असे समजावे. आमच्या गावापासून तर ते सहा किलोमीटर दूर. तेथवर जाण्याचे भाडे धरले पाहिजे. जाताना पहाटे आपल्या गावची वस्तीची गाडी स्टेशनवरून जाते, ती सोयीची आहे. पण येताना? दादरहून दुपारी सुटणारी पॅसेंजर संगमेश्वरला पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजून जातात. त्या वेळी गावाकडे जाणारी एस. टी. नसते. तेहेतीस मुले, तीन शिक्षक आणि सामान यांसाठी खासगी वाहन करावयाचे, तर वाचलेले पैसे तेथेच संपतात. उलट, मुंबईहून रात्री निघणारी एस. टी. पहाटे थेट आपल्या गावच्या थांब्यावर उतरवते, आणि त्या रात्रीच्या मुक्कामाचा व जेवणाचा खर्चही वाचतो.

एवढे वाचून ती थांबली आणि मग म्हणाली, “म्हणून आमच्या पक्षाचे म्हणणे असे आहे, की जाताना आगगाडीने जावे आणि येताना एस. टी.ने यावे.”

ज्या पक्षाकडून ती बोलावयास उभी होती, त्या पक्षाची बाजू तिने अर्धी सोडून दिली होती! पण खरा हिशेब कोणत्याच पक्षाचा नसतो. फळ्यावर आम्ही आकडे मांडले. जाताना आगगाडीने गेल्यास, स्टेशनपर्यंतचे भाडे धरूनही, दरडोई सरासरी पंचेचाळीस रुपये वाचत होते. तेहेतीस मुलांचे झाले चौदाशे पंच्याऐंशी. तेराशे पन्नासची तूट भरून वर एकशे पस्तीस रुपये उरत होते. हिशेबनीस मुलाने तो आकडा दोनदा पडताळून पाहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

एका पालकाने मध्यंतरी एक सूचना केली. रेल्वेत काय किंवा एस. टी.त काय, बारा वर्षांखालील मुलास अर्धे तिकीट लागते. आमच्या वर्गातील बरीच मुले नुकतीच बारा पुरी झालेली. “गुरुजी, चणीने लहान आहेत. अकरा म्हणून सांगा. कोण बघतो?” असे ते म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही पैसेच वाचवावयाचे होते. मी शाळेचा पट उघडून त्यांच्यापुढे ठेवला. म्हणालो, “दादा, या पटावर मुलांच्या जन्मतारखा मी लिहिल्या आहेत. सहलीपुरत्या त्या बदलावयाच्या कशा?” ते हसले आणि गप्प बसले. ज्याला जे तिकीट लागते तेच काढून पंचेचाळीस रुपये वाचले होते, हे मुद्दाम सांगतो.

ठरल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. वस्तीची गाडी म्हणजे काय, हे शहरातील मुलांना कदाचित ठाऊक नसेल. संध्याकाळी शेवटची एस. टी. गावात येते आणि रात्रभर तेथेच राहते. चालक आणि वाहक देवळात किंवा शाळेच्या पडवीत निजतात. गावातील एखाद्या घरून त्यांना भाकरी येते. पहाटे तीच गाडी तालुक्याच्या गावाला निघते. दूध, भाजी, कॉलेजात जाणारी मुले, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसे, सारे तिच्यातून जाते. आमचा आगगाडीचा प्रवास अशा रीतीने एस. टी.तच सुरू झाला! वाहकाने चिमट्याची टिकटिक करीत तिकिटांना भोके पाडली आणि स्टेशन येताच स्वतः खाली उतरून मुले मोजून दिली.

फलाटावर पॅसेंजर आली. गर्दी होती. आम्ही आधीच सहा-सहा मुलांचे गट केले होते आणि प्रत्येक गटाला एक मोठा मुलगा किंवा मुलगी नेमून दिली होती. सर्वांना एकदम जागा मिळाली नाही. तेव्हा मुलांनी पाळ्या लावल्या. एका स्टेशनपासून तिसऱ्या स्टेशनपर्यंत खिडकी एकाची, मग दुसऱ्याची. सावर्डे गेले, चिपळूण आले, वाशिष्ठीचे पात्र खाली दिसले आणि मुले गप्प झाली. ज्या नदीला ती रस्त्यावरून पाहत आली होती, ती एवढ्या वेगळ्या बाजूने त्यांनी कधी पाहिली नव्हती.

आगगाडी गावांच्या मागच्या दाराने जाते, असे मला नेहमी वाटते. तिला बाजारपेठ दिसत नाही, वेशीवरची कमान दिसत नाही. तिला दिसतात परसातल्या विहिरी, वाळत घातलेली लुगडी, गोठे, शेणी, शेतात वाकलेली माणसे. एस. टी. समोरच्या दाराने जाते. दुकानांच्या पाट्या, शाळा, पार आणि चहाची टपरी यांच्यापुढून ती मिरवत निघते. एखाद्या गावाची खरी ओळख व्हावयाची असेल, तर दोन्ही दारांनी जाऊन पाहिले पाहिजे.

खेडच्या पुढे नातूवाडीचा बोगदा लागला. त्याची लांबी चार किलोमीटरांहून अधिक आहे. मुलांनी आधी आरडाओरडा केला, मग मोजू लागली, आणि मग मोजता मोजता थकली. उजेड आला तेव्हा एकाने विचारले, “गुरुजी, एस. टी. याच डोंगरावरून कशेडी घाट चढून जाते. मग आगगाडी का चढत नाही?” मी त्यास सांगितले, “जे पोलादी चाक सपाटीवर सहज धावते, ते चढावर घसरते. म्हणून कोकण रेल्वेने साधारणपणे दीडशे मीटरांमागे एक मीटर यापेक्षा अधिक चढ येऊ दिला नाही. बोरघाटात तो सदतीस मीटरांमागे एक मीटर आहे. म्हणून तेथे घाट चढताना गाडीला मागून आणखी एंजिने जोडावी लागतात.” ज्या गुणामुळे आगगाडी स्वस्त होते, त्याच गुणामुळे तिला डोंगर फोडावा लागतो. एस. टी.ला इंधन अधिक लागते. पण डोंगर आहे तसा ठेवून ती वर चढते. प्रत्येक शक्तीला अशी स्वतःची मर्यादा असते, हे त्या मुलांना त्या दिवशी पुस्तकाशिवाय समजले.

मार्ग बहुतांशी एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीस वाट देण्यासाठी पॅसेंजर काही स्टेशनांवर बराच वेळ उभी राहते. वेळापत्रकातच ही थांबणी धरलेली असतात. कमी भाडे देणारा उतारू उरलेली किंमत वेळाच्या रूपाने देतो, एवढाच त्याचा अर्थ. पण तो वेळ फुकट गेला, असे कोणी म्हणू नये. मुलांनी शिदोऱ्या सोडल्या. घावन आणि चटणी, तांदळाची भाकरी आणि सुके खोबरे असे जिन्नस बाहेर आले. समोरच्या बाकावरील एका आजीने आपल्या पिशवीतून बोरे काढून वाटली. आगगाडीत बाके समोरासमोर असतात. माणसाला माणसाचे तोंड दिसते. तोंड दिसले, की बोलणे होते, आणि बोलणे झाले, की शिदोरी एकट्याची राहत नाही.

दादरला एका मुलीचे वडील आम्हांस घ्यावयास आले होते. ते मुंबईत पहारेकऱ्याचे काम करीत. गणपतीनंतर मुलीची आणि त्यांची भेट झाली नव्हती. फलाटावरील त्या गर्दीत त्यांनी मुलीला पाहिले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच दुसऱ्या मुलांच्या पिशव्या उचलावयास सुरुवात केली. आपल्या मुलीस जवळ घेतले, तर ज्यांचे वडील तेथे नाहीत त्या मुलांना काय वाटेल, असा विचार त्यांच्या मनात आला असावा. दादरहून लालबागेपर्यंत आम्ही चालतच गेलो. वाटेत ते मला म्हणाले, “गुरुजी, गणपतीला मात्र आम्ही सारे एस. टी.नेच येतो. त्या दिवसांत आगगाडीचे आरक्षण कुठले मिळायला? चाळीतली माणसे मिळून एक गाडी ठरवतो आणि ती थेट वाडीपर्यंत नेतो.”

तीन दिवस मुंबई पाहून चौथ्या रात्री परळहून एस. टी.ने निघालो. मुलांचे पाय दुखत होते, डोळे मिटत होते. येथे मात्र प्रत्येकाला बसावयास जागा होती. कोणाला उभे राहावे लागले नाही, कोणाची पाळी लावावी लागली नाही. सारी मुले एकाच गाडीत, एकाच नजरेच्या टप्प्यात असल्याने आम्हां शिक्षकांच्याही जिवाला स्वस्थता होती. माणगावजवळ गाडी थांबली तेव्हा उरलेल्या एकशे पस्तीस रुपयांतून चहा आणि भाजलेले शेंगदाणे घेतले. हिशेबनीस मुलाने टेबलाखालच्या दिव्यात वही धरून तो खर्च लिहिला. पहाटे गाडी गावच्या थांब्यावर उभी राहिली. कंदील आणि विजेऱ्या घेऊन आईबाप आले होते. तेहेतीस मुले निघाली होती, तेहेतीस परत आली. ती तीन मुले कोणती, हे वर्गात कोणाला कधी कळले नाही. मीही आजवर कोणास सांगितलेले नाही.

त्या गोष्टीला आता वीस वर्षे उलटून गेली. दोन्ही वाहनांत पुष्कळ बदल झाले. एस. टी.च्या वाहकाच्या हातातील चिमटा गेला; आता यंत्रातून कागदी तिकीट निघते. कोकण रेल्वेच्या साऱ्या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ साली पुरे झाले. भाड्यांच्या सवलतीही बदलल्या. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. एस. टी.ने मात्र ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट माफ केले आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्यात प्रवास देऊ केला. मी स्वतः पासष्टी ओलांडली असल्याने मलाही एस. टी.त अर्धेच तिकीट लागते. म्हणजे त्या शनिवारी फळ्यावर मांडलेला हिशेब आज तसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. एका घरात वडिलांसाठी आगगाडी स्वस्त आणि आजीसाठी एस. टी. स्वस्त, असेही होऊ शकेल. आकडे बदलतात; हिशेब करण्याची रीत बदलत नाही.

ती रीत साधी आहे. तिकिटाचे भाडे पाहावे, पण घरापासून घरापर्यंतचा खर्च मोजावा. वेळ मोजावा आणि कोणत्या वेळी उतरणार तेही पाहावे. मध्यरात्री पोचविणारे स्वस्त वाहन कित्येकदा महाग पडते. बरोबर कोण आहे ते पाहावे. धडधाकट माणूस एकटा असेल, तर पॅसेंजरच्या दाराशी उभा राहूनही जाईल. कडेवर मूल आणि हाताशी म्हातारे माणूस असेल, तर बसावयाची जागा ही चैन नव्हे, गरज होय. आणि अखेरीस, वाचलेले पैसे कशासाठी वाचवले, हेही पाहावे. काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक असेल तर तो येथेच आहे. कंजूष माणूस पैसा राखण्यासाठी पैसा वाचवतो. काटकसरी माणसाला त्या पैशातून कोणाची तरी सोय करावयाची असते.

मुलांनो, तुमच्याही घरी पुढच्या सुट्टीत हा वाद निघेल. तेव्हा केवळ खिडकीचा हट्ट धरून बसू नका. कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि वडिलांच्या शेजारी बसून दोन रकाने आखा. एकावर ‘रूळ’ लिहा, दुसऱ्यावर ‘रस्ता’. आकडे मांडून झाले, की घरातील प्रत्येक माणसाचे नाव एकदा मनाशी घ्या आणि या प्रवासात त्याला काय सोसावे लागेल, हे विचारा. उत्तर कधी रुळाच्या बाजूने येईल, कधी रस्त्याच्या. आणि कित्येकदा ते दोहोंचे मिळून येईल. खिडकी मग कोणत्याही गाडीत मिळेल. आणि न मिळाली, तर पाळी लावता येईलच.